किती मार्कांचं सांगू?

दिगंबर वानखडे यांनी मला फसवलं. फिरवून सांगायची मला सवय नाही, म्हणून पहिल्या ओळीतच सांगतो. मी इंगळे, जुन्या दारं-खिडक्यांचा व्यापारी. जळगाव जामोदच्या आसपास कुठं घर पाडायला काढलं की चौकटी निघायच्या आधी मी तिथं उभा असतो. आंब्याला सागवान म्हणणारे मी पाहिलेत, वाळवीवर पॉलिश मारणारे पाहिलेत. त्यातला एकही मला गंडवू शकला नाही. गंडवलं ते या माणसानं, ज्याला बाजारात मेथीची जुडीसुद्धा भाव पाडून घेता येत नाही.

वानखडेभाऊ आमच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. त्यांचं घर माझ्या घराला लागून. गाव त्यांना यमेभाऊ म्हणतं, कारण ते एम.ए. आहेत. किती वेळा, ते नेमकं कुणालाच माहीत नाही. मराठीत झाले, इतिहासात झाले, मग राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र. सगळं बाहेरून. कॉलेजात एक दिवस तासाला बसले नाहीत. फॉर्म भरायचा, पुस्तकं आणायची, परीक्षेला जायचं, पास व्हायचं. पदवीचा कागद पोस्टानं यायचा. ते तो उघडायचे, वास घ्यायचे, पेटीत ठेवायचे आणि पुढच्या विषयाचा फॉर्म आणायला निघायचे.

इतक्या परीक्षा अंगात मुरल्या की माणूस साधं बोलूच शकत नाही. कुणी खिडकीशी येऊन विचारलं, "भाऊ, खामगाव गाडी कधी हाय?" की यमेभाऊ चष्मा पुसत म्हणायचे, "दोन मार्कांचं सांगू का दहा मार्कांचं?"

माहितगार माणूस दोन मार्कांचं मागायचा. उत्तर यायचं, "उशिरा." नवखा माणूस दहाचं मागायचा आणि फसायचा. आधी प्रस्तावना, मग उशिराची कारणं, मग उशिराचे प्रवाशांवर होणारे परिणाम. आसलगावची एक म्हातारी बिचारी सगळं मन लावून ऐकत राहिली आणि समारोप चालू असताना तिची गाडी निघून गेली. ती चिडली, तर हे म्हणाले, "मावशे, उत्तर तर पूर्ण भेटलं ना?"

लग्नाच्या पंगतीत वाढप्याला सांगायचे, "कोणतेही तीन वाढा." माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा हौसेनं विचारलं, "भाऊजी, वांग्याची भाजी कशी झाली?" त्यांनी घास संपवला, विचार केला आणि म्हणाले, "मीठ कमी, पन मांडणी चांगली. साठ टक्के धरा." तेव्हापासून ती त्यांना भाजी देते, विचारत काही नाही. स्वतःच्या लग्नाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "तो प्रश्न आपन ऑप्शनला टाकला." आई होती तोवर दोघं राहायचे. आई गेल्यावर घरात ते आणि पुस्तकं.

आता मी यात कसा सापडलो ते सांगतो. माझी पोरगी पुण्यात दिली. लग्नात व्याह्यांनी मला विचारलं, "आपलं शिक्षण?" मी म्हणालो, "बारावी. मंग धंद्यात पडलो." ते म्हणाले, "अच्छा." बस, एवढंच. पण तो अच्छा कसा, तर वाळवी लागलेली चौकट पाहून मी जसा म्हणतो, अगदी तसा. शून्यातून उभा राहिलेला माणूस मी. माल नाकारताना काय आवाज काढतात ते मला शिकवायची गरज नाही. रात्रभर बसमध्ये डोकं तापलेलं होतं. गावात उतरलो तो थेट कंट्रोलरच्या खिडकीशी गेलो.

"वानखडेभाऊ, मले बी.ए. व्हायचं हाय."

"काऊन?"

"एका मानसाचा अच्छा वापस करायचा हाय."

त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "कारण ठोस हाय. होऊन जाईल."

मी धंदेवाला. मला सौदा आवडला. तासाला बसायचं नाही, हजेरी नाही, मास्तरची बोलणी नाही, फक्त परीक्षेला जायचं आणि पदवी घ्यायची. पण एवढा स्वस्त माल दिसला की मी आणखी काहीतरी वर मागतो. मी म्हणालो, "एक अट. तुमचं पुढचं एम.ए. आन माझं बी.ए. एकाच वर्षी संपलं पाहिजे. मंग दोघं मिळून अमरावतीले जाऊ, गाऊन घालू, टोपी घालू, फोटो काढू."

यमेभाऊ गडबडले. इतक्या पदव्या घेतल्या, पण पदवीदानाला ते कधीच गेले नव्हते. "आपलं काय काम तिथी? लोकायसंग आई-बाप असतात, पोरं-सोरं असतात."

"मी हाव ना बे!" मी ओरडलो. स्टँडवरची माणसं वळून पाहायला लागली.

बैलबाजारात करतात तसा मी रुमाल काढला, त्याखाली त्यांचा हात धरला आणि बोटं दाबली. रुमालाखाली झालेला सौदा आमच्याकडे कुणी मोडत नाही. तोंडानं दिलेला शब्द फिरवतात, कागद फाडतात, पण रुमालाखालचं मोडत नाही. हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून मी म्हणतो, फसवलं.

पहिल्या परीक्षेला गेलो तर दारातल्या पोरसवदा मॅडम म्हणाल्या, "काका, पालकांनी गेटबाहेर थांबा." मी भडकणार, तेवढ्यात यमेभाऊंनी माझं हॉल तिकीट त्यांच्यापुढं धरलं. मॅडम लाजल्या. आत गेल्यावर मी पाहिलं तर तिथं निराळेच यमेभाऊ. स्टँडवर मान खाली घालून चालणारा हा माणूस कॉलेजच्या व्हरांड्यातून असा चालला, की वाटावं इमारत यांनीच बांधली. पाणी देणारा शिपाई म्हणाला, "आले काय सर? यंदा कोनता विषय?" मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्यासाठी खिडकीजवळचा बाक ठेवलाय." बाजूच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "काका, एक्स्ट्रा पेन आहे?" यांच्या खिशात एक्स्ट्रा पेनच होते. मूठभर. वाटून दिले.

आणि पुरवणी! लिहून कागद संपला की आपण हळूच हात वर करतो. यमेभाऊ उभे राहायचे आणि गाडी लावल्यासारखा पुकारा करायचे, "पुरवणी!" अर्धा हॉल दचकायचा. एका पेपरात तीन-तीन पुरवण्या. दोरा बांधताना चेहऱ्यावर असा आनंद, की नवरीला फुलांची वेणी माळतोय.

वर्षं गेली. मी बापडा घासाघीस करत, तांबड्या शाईशी भांडत, शेवटच्या वर्षाला पोचलो. यमेभाऊंचंही हिंदीचं एम.ए. शेवटच्या पेपरावर आलं. ते त्याच सुमाराला रिटायर झाले. शेवटच्या पेपराच्या दिवशी आमचे बाक शेजारी आले. मी लिहिण्यात बुडालेला. बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की आज हॉलमध्ये पुरवणीची हाक ऐकू आली नाही. मी म्हणालो, "काय भाऊ, आज एकातच आटपलं?" ते म्हणाले, "हाव. लहान पेपर होता."

गाऊनच्या आत घालायला मी शिंप्याकडून दोघांचे दोन पांढरे शर्ट शिवून घेतले. निकाल लागला. मी पास. वानखडे दिगंबर, एका विषयात नापास.

माझं डोकं सटकलं. अशा माणसाला नापास करतात? मी म्हणालो, "चला, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवू. मी जातो अमरावतीले. एकेका मार्कासाठी भांडतो. माझ्यासमोर भलेभले टिकत नाहीत."

"नको."

"काऊन नको?"

"इंगळेभाऊ, नका करू. तिथी काही नाही."

"म्हंजे?"

"पेपर कोरा देला मी."

मी त्यांच्या ओट्यावर बसलो. मग राग आला. रुमालाखालचा सौदा मोडला होता या माणसानं! मी तोंडाला येईल ते बोललो. सुनंदा भिंतीवरून डोकावली आणि मागं झाली. यमेभाऊ ऐकत राहिले. मी दमलो तेव्हा चष्मा पुसला आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "दोन मार्कांचं सांगू का दहा?"

"वीस! पुरवण्या लावा. आज मी गाडी चुकवून ऐकतो."

त्यांनी तोंड उघडलं. प्रस्तावना आली नाही. कारणं आली नाहीत.

"मंग बसू कुठी?" एवढंच म्हणाले.

मला कळायला वेळ लागला. आमच्या सेंटरवर जेवढे विषय मिळतात, तेवढे त्यांनी संपवले होते. हिंदी शेवटचा. तो पास झाले की फॉर्म नाही, हॉल तिकीट नाही. स्टँडची खिडकी तर गेलीच होती. वर्षातून एकदा ज्या इमारतीत कुणी त्यांना सर म्हणतं, खिडकीजवळचा बाक राखून ठेवतं, पेन मागतं, तिथं जायला एक तरी पेपर शिल्लक पाहिजे. म्हणून तीन तास त्या बाकावर हात बांधून बसले. म्हणाले, "बाहीर कडुलिंबाले मोहोर आला होता. लय मस्त दिसे."

मी अमरावतीला एकटा गेलो. गाऊन घातला. फोटोवाला म्हणाला, "काका, मधे या ना." मी सरकलो नाही. फोटोत मी डाव्या कडेला आहे, उजवीकडं एका माणसाची जागा मोकळी. पुण्याला फोटो पाठवला. व्याह्यांचा फोन आला. म्हणाले, "अच्छा, ग्रॅज्युएट!" तोच अच्छा. तोच भाव. मला राग यायला हवा होता, पण माझा सगळा राग गावातच खर्च झाला होता.

यमेभाऊंनी हिंदीच्या त्या पेपराचा फॉर्म परत भरला आहे. अभ्यास जोरात चालू आहे, म्हणजे नापास व्हायचा. रोज संध्याकाळी सुनंदानं दिलेली भाजी घेऊन ते माझ्या ओट्यावर येतात, मी बोलत नाही, तरी बसतात. परवा तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहत होते. "रचना बिघडली," म्हणाले. "उजवी बाजू रिकामी हाय."

तर वानखडेभाऊ, आता प्रश्न मी काढतो. तुमचा पांढरा शर्ट माझ्या कपाटात घडी मोडायची वाट पाहतो आहे. माझा ओटा लांबरुंद आहे, तिथं बसायला हॉल तिकीट लागत नाही, हे तुम्हाला रोज येऊनही का समजलं नाही? आणि रुमालाखाली दिलेली बोटं तुम्ही कुणाला विचारून मागं घेतली? दोन्ही प्रश्न अनिवार्य आहेत. ऑप्शनला टाकायचं नाही. दोन मार्कांत सुटायचं नाही. मला सविस्तर उत्तर पाहिजे, आणि ते तुम्हीच द्यायचं आहे. पुरवणी लागली तर हाक मारा. मी शेजारीच बसलो आहे.