दामू पेंटरचं नाक

आमच्या कॅम्प चार वस्तीत नळाला पाणी आलं नाही, की दुसऱ्या दिवशी भिंतीवर दामू पेंटर येतो. म्हणजे त्याचं चित्र. कोरड्या नळाखाली आ वासून बसलेला, गळ्यात झेंडूचा हार, आणि खाली नळापेक्षा मोठ्या अक्षरांत 'समाजसेवक दामू पेंटर'.

रस्त्याला खड्डा पडला, तर खड्ड्यात गळ टाकून दामूच. कचरा साठला, तर ढिगावर खुर्ची टाकून दामूच. मी एकदा म्हटलं, "अरे, हाल सगळ्या लोकांचे आणि थोबाड तुझ्या एकट्याचं?"

"नाना, पुढाऱ्यांचे चेहरे वाढदिवसाला चौकाचौकात लागतात. ते उतरतात का खड्ड्यात? मी उतरतो. मग चेहरा माझाच पाहिजे!"

मी चौथी शिकलेला माणूस. अंबरनाथच्या कारखान्यात हयात गेली, पण कोणाची हांजी हांजी केली नाही. असलं मिरवणं मला बघवत नाही.

बरं, चेहरा तरी सरळ काढावा? छे! कायम बाजूनं. दामूचं नाक आधीच पोपटाचं, चित्रात ते वीतभर आणखी पुढं. कुठं डावीकडं, कुठं उजवीकडं.

"समोरून काढ की."

"समोरून नाक वाया जातं, नाना."

जीन्सच्या दुकानाचा सिंधी शेठ सकाळी शटरपाशी आला आणि किंचाळलाच, "अरे साईं, दुकान मेरा, थोबडा तेरा?" दामू शांत. म्हणे, "शेठ, गिऱ्हाईक पत्ता नाही विसरणार."

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण एक दिवस दार उघडून बाहेर आलो आणि हबकलो. माझ्या भिंतीवर दामू! दिवाळीला मी स्वतः चुना मारलेल्या कोपऱ्यावरच्या भिंतीवर! उघड्या गटारात कमरेएवढा उभा, हार घालून. आणि रिटायर झाल्यावर हौसेनं केलेली माझ्या नावाची पितळी पाटी बरोबर त्याच्या नाकाखाली, मिशीसारखी.

तणतणत चुन्याची बादली कालवली. दामू नव्हताच भांडायला. खरवईला नव्या बिल्डिंगींवर विंगांची नावं रंगवायला गेला होता. पोटासाठी जावंच लागतं. घरी सुमनवहिनी, त्याची बायको, एकट्या. त्यांना हल्ली विसरायला होतं. परवा मलाच म्हणाल्या, "तुम्ही नवीन आलात का इथं?" माझे केस याच गल्लीत पांढरे झालेत.

खालून सुरुवात केली. 'समाजसेवक' गेला, गटार गेलं, हार गेला. आता थोबाडाला हात घालणार, तोच कोपऱ्यावर वहिनी दिसल्या. हातात कोथिंबिरीची जुडी. या गल्लीकडं बघतात, त्या गल्लीकडं बघतात, डोळ्यांत पाणी. मी हाक मारणार, एवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली. चेहरा एकदम उजळला.

"अहो, इथं आहात होय?" भिंतीला म्हणाल्या.

मग नाकाच्या मुळापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवलं. "बरं, इकडं." आणि शेंडा जिकडं, तिकडं वळल्या.

मी चुन्याचा ब्रश ठिबकवत मागं. शेठच्या शटरवर नाक उजवीकडं, वहिनी उजवीकडं. कोरड्या नळापाशी नाक डावीकडं, वहिनी डावीकडं. समोर त्यांचं दार. कडी काढून आत गेल्या.

खड्डे काय, सगळ्या कॅम्पात आहेत. चित्रं मात्र फक्त वळणांवर! आणि आम्ही सगळे त्याला मिरवणारा म्हणत बसलो.

संध्याकाळी दामू परतला. भिंतीवर नुसतं मुंडकं बघून थबकला.

"नाना, धड कुठं गेलं?"

"धड राहू दे. नाक वाढव. लांबून नीट दिसत नाही."

मी त्याच्याकडं बघितलं नाही. मग त्यानं पिशवीतून ब्रश काढला, भिंतीवर बोटानं माप घेतलं, आणि हळूच म्हणाला, "पाटी मधे येते, नाना."

मी आत जाऊन स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलो.