दगडूआबांचा पंखा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावात बैलांची खांदेमळणी होते. हळद-लोणी लावून खांदे चोळतात. शेजारच्या दगडूआबांकडे बैल नाहीत. ते ओसरीवर बसून होडीच्या इंजिनाचा पंखा चोळतात. लोण्याऐवजी ग्रीस, एवढाच काय तो फरक.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी. पुरात माणसं काढायला तहसीलनं एक होडी आणि तिच्या मागे लावायचं इंजिन दिलं. सांभाळायला कुणी पुढे येईना, म्हणून ते एकट्या राहणाऱ्या आबांच्या गळ्यात पडलं. आबांनी ते डोक्यावर घेतलं. होडी पाण्याबाहेर आली की पंखा खोलायचा, आसाला गुंडाळलेला जाळ्याचा दोरा काढायचा, धुवायचं, ग्रीस लावायचं. उन्हाळ्यात नदी आटली की इंजिन पाण्याच्या टिपाडात उभं करून सुरू करायचं. सगळी आळी धुरानं खोकते.

"आबा, नदीत नुसती वाळू आहे. आता कशाला?"

"गंजाला सुट्टी नसती, गुरुजी," असं म्हणून ते माझ्याकडे बघतात. मला मे महिन्याची सुट्टी असते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

यंदा पोळ्यानंतर तहसीलचा मेकॅनिक तपासणीला येणार होता. इंजिन नापास झालं तर होडी खालच्या गावाला जाणार. आबांचं जेवणावरचं मनच उडालं. मला काही उमगेना. पुरात होडी लागली दोनदाच. गेली तर गेली! या माणसाच्या तोंडचं पाणी कशाला पळावं?

मेकॅनिक आला, वाकून बघू लागला. "पंख्याला खड्डे पडलेत. आणि हा जस्ताचा तुकडा कुणी रंगवला?"

पंख्याजवळ तसा एक तुकडा बसवलेला असतो. तो झिजताना बघून आबांना कसंतरी झालं होतं. दाराचा उरलेला निळा रंग त्यांनी त्याला तीनदा फासला होता.

"मीच. लई झिजत व्हता बिचारा."

"आबा, तो झिजायलाच लावलेला असतो. तो झिजला तर पंखा वाचतो. तुम्ही त्याला वाचवलं, म्हणून पंखा खाल्ला गेला."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मी समजावून सांगायला घेतलं आणि दोन वाक्यांत स्वतःच अडकलो.

"म्हंजी जपायचंच न्हाई?"

"जपायचं, पण त्याला नाही," मी म्हणालो.

"मंग झिजल्यालं बघून लोक म्हणतील ना, आबाचं ध्यान न्हाई!"

हे विज्ञानात बसत नव्हतं, पण गावात बसत होतं.

मेकॅनिकनं आठ दिवसांची मुदत दिली. आबांनी रंग खरवडला, पंख्याच्या कडा कानशीनं घासल्या. खरवडताना त्या तुकड्याकडे मात्र ते असे बघत होते की मलाच अपराध्यासारखं वाटलं. दुसऱ्या तपासणीत इंजिन पास झालं. मेकॅनिकची पाठ वळताच आबा म्हणाले, "चला गुरुजी, ट्रायलला."

नदीला पाणी असलं की ते दर आठवड्याला ट्रायल घेतात. मी पहिल्यांदाच गेलो. पलीकडचा काठ दहा हातांवर आला तसं त्यांनी इंजिन बंद केलं आणि शिट्टी मारली. कपाशीतून एक बाई पळत आली. आबांची लेक, शोभा. तिला त्या पलीकडच्या काठच्या गावात दिलेली. सडकेनं यायचं तर पुलाला वळसा घालून दोन एसट्या बदलाव्या लागतात.

"जेवलीस का?"

"व्हय आबा. तुमी?"

ती गुडघाभर पाण्यात आली, डबा पुढे केला. आबांनी होडीतूनच वाकून तो घेतला.

"उतरा की आबा," मी म्हणालो.

"सरकारी होडी हाय. ट्रायल पाण्यातच करायची असती. लेकीकडं उतरलो तर उद्या कुनीतरी तक्रार करंल, अन् होडी जाईल."

परतताना ते डबा मांडीवर धरून बसले होते. अर्ध्या नदीत त्यांनी कान टवकारले.

"आवाज जरा घरघरतोय, न्हाई? उद्या पुन्हा बघावं लागंल."

इंजिन अगदी छान चाललं होतं.

"हो आबा," मी म्हणालो. "उद्या बघायलाच पाहिजे."