लाइन चालू आहे, बोला

सरोजक्का भेंडीशी बोलत. "आता मी भेंडी पुसते. ओली आहे. ओली चिरली की चिकट होते. झाली कोरडी." भेंडीनंतर विळीचा नंबर लागे, मग पातेल्याचा. बंगळूरच्या बसवनगुडीत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती आणि वृत्तपत्रातल्या संध्याकाळच्या पाळीमुळे मी सकाळी घरी असे. त्यांच्या स्वयंपाकाचा मराठी वृत्तांत मला रोज मिळे. मुलगी सुधा घरात आली की तोच वृत्तांत मध्येच कन्नडात सुरू होई.

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. परगावचे फोन जोडून देणे हे त्यांचे काम. सुधाला जन्मापासून जवळजवळ ऐकू येत नव्हते. तज्ज्ञांनी मुलीला कानाचे यंत्र दिले आणि आईला अभ्यास दिला: हातात असेल ते, समोर दिसेल ते बोलत राहायचे, मूल उत्तर देवो न देवो. त्याने नुसते ओठ वाचू नयेत म्हणून बोलताना तोंडापुढे काहीतरी धरायचे. सरोजक्कांनी स्टीलची ताटली धरली. सुधा बोलू लागली, शाळेत गेली, बी.कॉम.ला पोहोचली. ताटली मात्र सुटली नाही. दूधवाल्याशीही त्या ताटलीमागून बोलत आणि तो बिचारा "एनु, अक्का?", काय म्हणालात, असे विचारत वाकून बघे.

नव्वदच्या दशकात, एक्स्चेंजमधून दुपारी घरी आल्यावर, त्या अशा मुलांच्या आईवडिलांना शिकवू लागल्या. मुलांना नव्हे. "पोराचं मशीन बरं आहे," त्या सांगत. "बिघाड तुमच्यात आहे. पलीकडून आवाज आला नाही की तुम्ही फोन ठेवता. ठेवायचा नाही. लाइन चालू आहे, बोला."

मुलांना परक्या पुरुषाचाही आवाज कळावा म्हणून त्या मला बोलावत. माझे काम चेंडूला चेंडू म्हणण्याचे होते. त्यामुळे अभिजित आणि मेधा पहिल्यांदा आले तेव्हा मी तिथे होतो. दोघे पुण्याचे. तो एका संगणक कंपनीत. मुलगा चिन्मय तीन वर्षांचा, छातीवर यंत्राची डबी, कानापर्यंत वायर.

"डॉक्टर म्हणाले एकच भाषा ठेवा," अभिजित म्हणाला. "आम्ही इंग्लिश ठरवलंय. पुढे सगळं त्यातच आहे."

"सरी, ठीक. बोला त्याच्याशी."

अभिजित मुलाकडे वळला. "चिन्मय, धिस इज अ बॉल."

"पुढे?"

"रेड बॉल."

"पुढे?"

अभिजितने चेंडू मुलाच्या हातात दिला.

"कंपनीत मीटिंग चाललीय का?" सरोजक्कांनी विचारले. मेधा खाली बघून हसली.

"अक्का, तो वळूनही बघत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. घरी मी आता बोलतच नाही," अभिजित म्हणाला.

"मी भेंडीशी बोलते. आत येताना पायरीवर ठेच लागली, तेव्हा काय म्हणालात?"

अभिजितला आठवेना.

"आई गं म्हणालास," मेधा म्हणाली.

"मग तीच भाषा. तिच्यात शब्द कमी पडणार नाहीत."

"पण पुढे शाळा..."

"शाळा पुढे. आधी बाप."

अभिजित दर आठवड्याला येऊ लागला आणि अहवाल देऊ लागला. दाढी करताना चिन्मयला समोर बसवून तो फेसापासून वस्तऱ्यापर्यंत सगळे मराठीत सांगे. घरमालकाने एकदा काळजीने मेधाला बाजूला घेऊन, साहेब बरे आहेत ना, असे विचारलेही होते. सरोजक्कांच्या पायरीवर अभिजित दर वेळी अडखळे आणि 'आई गं' म्हणे. मी गवंडी आणतो म्हणालो, तर सरोजक्का म्हणाल्या, "राहू दे स्वल्प. त्याला भाषा येते."

एकदा मी विचारले, "मग सुधाशी तुम्ही कन्नड का बोलता?"

त्यांनी ताटली खाली ठेवली. "गल्लीतली पोरं कन्नड, शाळा कन्नड. मराठी धरली असती तर तिच्याशी बोलायला मी एकटी. तिला खेळायला नको का कोणी? मग ठेच लागली की 'अय्यो' म्हणायला शिकले."

"आणि मराठी?"

"ऐकता की रोज, भिंतीतून."

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी चिन्मयच्या हातातला लाकडी ठोकळा त्याच्याच पायावर पडला. त्याने पाय धरला आणि सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळे करत म्हटले, "आ. ई. ग."

अभिजित जागचा हलला नाही. मेधाने मुलाला उचलून घेतले. "परत म्हण," ती म्हणाली, आणि त्याने म्हटले.

सुधा दारात आली. "अम्मा, एनायतु?" काय झाले, एवढेच तिला हवे होते. घरात काय झाले हे सांगायला सरोजक्का कधी थांबलेल्या नव्हत्या. त्यांनी ताटली उचलून तोंडापुढे धरली. ताटलीमागून आवाज आला नाही.

आपले यंत्र बंद पडले असे वाटून सुधाने कानाकडे हात नेला.