ढोलीत साप शिरण्याची सात कारणे

एका जंगलात, मुलांनो, ठोकोजी नावाचा सुतारपक्षी राहत होता. मोबाइल बाजूला ठेवा, गोष्ट छोटीच आहे.

ठोकोजीचा धंदा ढोल्या कोरून देण्याचा. पोपट, पिंगळे ही त्याची गिऱ्हाइकं. पाणवठ्यावरच्या वठलेल्या खोडावर त्याने चोचीने पाटी कोरली होती : 'ढोली करून मिळेल. आत साप शिरत नाही.' एवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

यंदा मात्र विणीचा हंगाम आला तरी पोपट फिरकले नाहीत. घरात चार अंडी, म्हणजे लवकरच चार चोची. ठोकोजी साळुंकीबाईंकडे सल्ल्याला गेला. त्या शहरातल्या बस-स्टँडवर चार महिने राहून आल्या होत्या, त्यामुळे त्यांना धंद्यातलं सगळं कळत असे.

"पाटीचे दिवस गेले, ठोकोजी," त्या म्हणाल्या. "ब्लॉग लिहा."

"म्हणजे काय करू?"

"आपल्याला येतं ते सगळं जगाला फुकट सांगायचं. मथळ्यात आकडा हवा. वाचकाच्या भीतीला हात घालायचा. आणि शेवटी स्वतःची एखादी चूक कबूल करायची, म्हणजे विश्वास बसतो."

ठोकोजी कामाला लागला. बारा दिवस खोडावर टकटक चालली होती. मथळा दिला : 'ढोलीत साप शिरण्याची सात कारणे'. एकेक कारण त्याने जीव ओतून कोरलं. दार फांदीच्या वरच्या अंगाला असलं की साप कसा आरामात उतरतो. भोवतीची साल तासली नाही तर त्याला पकड कशी मिळते. सातव्या कारणापाशी तर त्याने मनच मोकळं केलं : 'माझ्याच घराला मागून एक भोक आहे. त्यात नुसतं शेवाळ कोंबलंय. लाकूड बसवायला सवड होत नाही.'

त्याची बायको रंगू ते वाचून चपापली. "अहो, पोपटांना ढोली हवीय. त्यांना हे कशाला सांगायचं? आणि ते भोक आधी बुजवा की."

"लेख गाजू दे, मग बुजवतो. तुला यातलं कळत नाही."

लेख गाजला. पोपटांनी मथळा वाचला, खाली 'खूप छान' असं ओरखडलं आणि ते उडून गेले. पिंगळ्याने मथळाही वाचला नाही, नुसतं 'अभिनंदन' लिहिलं. शेवटपर्यंत वाचणारा एकच निघाला. त्याचा अभिप्राय खोडावर नव्हता, खाली धुळीत होता. अक्षर लांबलचक आणि नागमोडी. 'अतिशय अभ्यासपूर्ण. तीनदा वाचला. सातव्या मुद्द्यातलं झाड नक्की कोणतं, हे कळल्यास आभारी राहीन.'

तुम्हाला कळलं ना, कोण ते? ठोकोजीला नाही कळलं. तो हरखून गेला होता. त्याने तिथल्या तिथे उत्तर कोरलं : 'ओढ्यापलीकडचा बेहडा. तिसरी फांदी.' शेजारी नकाशाही काढून दिला.

दुसऱ्या दिवशी अंड्यांवर बसायची पाळी त्याची होती. रंगू मुंग्या टिपायला गेली, आणि हा वाचकाने आभार मानलेत का ते बघायला पाणवठ्यावर गेला. पण वाचक त्या दिवशी तिकडे आलाच नाही. ठोकोजी दुपारपर्यंत वाट बघत थांबला.

तो परतला तेव्हा रंगू फांदीवर बसली होती. शेवाळ खाली पडलं होतं. ढोलीत एकही अंडं नव्हतं. ठोकोजी ढसाढसा रडला. रंगू रडली नाही.

तिसऱ्या प्रहरी साळुंकीबाईंनी त्याला पाणवठ्यावर बोलावून घेतलं. धुळीत नवा अभिप्राय होता. 'सातवा मुद्दा स्वतः करून पाहिला. शंभर टक्के गुण आला. आता पोपटांच्या घरांवरही लिहावे. आपली नियमित वाचक, धामण.'

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" साळुंकीबाई म्हणाल्या. "हा अभिप्राय पुसू देऊ नका. असा वाचक नशिबाने मिळतो."

ठोकोजीने घरी जाऊन लाकडाचा एक तुकडा तासला आणि भोक बुजवलं. अंधार पडायच्या आत काम झालंसुद्धा.

तात्पर्य, वहीत नीट उतरवून घ्या : गिऱ्हाइकाने लेख वाचला नाही म्हणून धंदेवाल्याने खचू नये. जीव ओतून लिहिलेलं गरजूपर्यंत पोहोचतंच.