पूर्ण नाव लिहा

सहदेव मेस्त्रींचं ओरडणं रविवारी सकाळी साडेसहाला अख्ख्या सोसायटीनं ऐकलं. बोरीवलीतल्या त्यांच्या तळमजल्याच्या खिडकीखालचं झुडूप रातोरात फुललं होतं ते शनिवारी, आणि आता त्याच्यावर एकही फूल नव्हतं.

झुडूप साधं नव्हतं. एक्क्याऐंशी साली त्यांनी ते डोंगरावरून आणलं, त्याला सात वर्षं झाली. सगळे त्याला सात वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी म्हणत. फक्त वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर गद्रे म्हणाले होते, "पानं वेगळी दिसतात. पण फूल बघितल्याशिवाय जात ठरत नाही. नवी निघाली तर तुमचं नाव देऊ." या एका वाक्यावर मेस्त्रींनी सात वर्षं पाणी घातलं होतं. आज दहाला गद्रे येणार होते.

मेस्त्री तडक वरच्या मजल्यावर गेले. वाकवलेल्या तारेनं दुसऱ्यांची फुलं ओढण्यात विमलाबाई राण्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"माझी फुलं कुठायत?"

"हार करून सत्यनारायणाला वाहिली. बोंबलताय कशाला भावोजी? फुलं काय तुमच्या नावावर आहेत?"

"होणार होती ना! आजच होणार होती! काढा ती!"

"आरती झाल्याशिवाय देवावरचं फूल हलायचं नाही."

म्हणून गद्रे आल्यावर पूजेलाच बसले. कथा ऐकली, शिरा दोनदा घेतला. मेस्त्रींचं डोकं फुटायची वेळ आली होती. "अहो, प्रसादाला नाही म्हणू नये," असं बायको कुजबुजली तेव्हा त्यांनी तोही रागारागानं गिळला.

आरतीनंतर हार सुटला. बहुतेक फुलांतून सुई आरपार गेलेली. दोनच धड होती. गद्र्यांनी भिंग लावलं आणि उडालेच.

"मेस्त्री, ही कारवी नव्हेच! नवी जात आहे!" त्यांनी कागद काढला. "फुलं गोळा कोणी केली? नोंद लागते."

"गोळा? चोरली! हिनं चोरली! विमला राणे. पूर्ण नाव लिहा साहेब, तारीख घाला! सगळ्या जगाला कळू दे!"

गद्र्यांनी पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली.

सहा महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. 'नमुना गोळा करणाऱ्याचं नाव जातीला देण्याचा आमच्यात रिवाज आहे. तुम्ही मोठ्या मनानं शेजारीणबाईंचं नाव पुढे केलंत. नव्या जातीला "विमला" हे नाव मंजूर झालं आहे.'

मेस्त्री पत्र फाडायला खिडकीशी गेले. खाली विमलाबाई झुडपाला पाटी बांधत होत्या: 'फुले तोडू नयेत.'