वरण शिजेपर्यंत रायपूर

मिहीर, रेवा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्याकडून आमच्याकडे विमानाला किती तास लागतात?" आकडा तुमच्या बाबाने सांगितलाच. पण या विषयावर अधिकाराने बोलणारी एक बाई मी नागपुरात जवळून पाहिली आहे. तिच्याबद्दल मी पुष्कळ वाईट बोलले आहे, म्हणून आता नीट लिहून ठेवते.

अजनीत आमच्या शेजारी द्वारकाबाई राहायच्या. त्या अंतर मैलांत मोजत नसत, स्वयंपाकात मोजत. दुपारी रायपूरचं विमान डोक्यावरून गेलं की त्या शेगडीवर तुरीची डाळ चढवत, आणि डाळ शिजली की कुंपणावरून मला कळवत, "उतरलं वं बाई रायपूरले." मुंबई म्हणजे त्यांच्या हिशेबाने पुरणाचा सगळा घाट.

गंमत म्हणजे त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. पासाची सोय असलेलं घर, आणि बाईंच्या तोंडी कायम विमान. स्वतः त्या कधी विमानात बसल्या नव्हत्या.

त्यांची लेक शोभा चार वर्षांपासून रायपूरला होती. माझी लेक, म्हणजे तुमची आई, पुण्याला.

"पुण्याले किती टाईम लागते वं?" त्या मुद्दाम विचारत.

"एक दिवस आणि एक रात्र."

"बापा, तितक्यात तं माह्यं लोणचं मुरते."

लोणचं एका दिवसात मुरत नाही, हे मी त्यांना सांगितलं. एकदा घड्याळ लावून त्यांची डाळही तपासली. ती पाऊण तासात शिजली, तेही मला झोंबलं.

एका हळदीकुंकवाला त्यांनी सगळ्या बायकांसमोर पुन्हा पुणं काढलं. मी म्हणाले, "एवढं जवळ आहे, तर चार वर्षांत एकदाही काहून नाही गेल्या?" त्यांच्याच बोलीत विचारलं, हे जास्त वाईट. कोणी हसलं नाही. द्वारकाबाई वाण न घेताच उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच कुंपणाशी आल्या.

"शोभीनं आपल्या मनानं लग्न केलं. तिचं नाव घरात घ्याचं नाही, असं तिच्या बाबानं ठरवलं. रेल्वेच्या पासाले त्यायची सही लागते. विमानाले नाही लागत. म्हणून म्या तेवढंच पाहून ठेवलं." मग म्हणाल्या, "तिले सातवा महिना लागला."

मला अडवणारं घरात कोणी नव्हतं. तरी पुण्याला जाऊन मला दोन वर्षं झाली होती, आणि मी हेवा करत होते तो अंतराचा.

पैसे त्यांचे होते. तिकीट मी काढून आणलं. सोनेगावच्या विमानतळावर सोडायलाही मीच गेले. शिडी चढताना त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. खरं सांगते, मला तेव्हाही हेवा वाटला, फक्त या वेळी तो अंतराचा नव्हता. पुढच्याच आठवड्यात मी पुण्याची गाडी पकडली.

द्वारकाबाई चार महिन्यांनी परतल्या. गार्डसाहेबांनी मुकाट्याने दार उघडलं. वर्षभर बोलले नाहीत, पण नातवाचा फोटो भिंतीवर लागला तो त्यांनी काढलाही नाही.

आता ते दोघंही नाहीत. शोभा मात्र दर दिवाळीला मला पत्र लिहिते. यंदाचंही आलं आहे.