साळिंदराचा अर्ज आणि राजाचा पाळणा

बाळांनो, लिहिण्यात चुका होतील, त्या पोटात घाला. माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही आणि भारी शब्द मला येत नाहीत. पण गोष्ट साळिंदराची आहे. ती साध्या शब्दांत चालेल.

तर एका जंगलात केरबा नावाचा साळिंदर आणि त्याची बायको तानी राहत होते. लग्नाला सात पावसाळे झाले होते. बिळात अजून दोघंच होते.

त्या जंगलात आईपणाला फार मान. चौकात मातृशिळा होती, तिला रोज फुलं वाहत. कुणाला मूल झालं की ढोल वाजत. नाही झालं की तोंडं वाजत.

"काय गं तानी, काही विशेष?" माकडीण रोज झाडावरून विचारायची. उत्तर तिला माहीत असायचं. "नाही ना? बरंच आहे म्हणा. तुमचं काटेरी पोर कडेवर घेणार कोण?"

तानी हसून सोडून द्यायची. घरी आली की भांडी जोरात आपटायची.

शेवटी दोघं नदीपलीकडच्या पाणमांजर वैद्यिणीकडे गेले. तिनं दोघांनाही तपासलं.

"केरबा, दोष तानीत नाही, तुझ्यात आहे," ती म्हणाली. "मान खाली घालू नको. निम्म्या वेळा नरातच असतो. उपाय आहे. दहांतल्या चौघांना गुण येतो. पण तानीचं वय बघता हा एकच हंगाम हाती आहे."

"आणि खर्च?"

वैद्यिणीनं त्याच्या पाठीकडे पाहिलं. औषधं लांबच्या डोंगरावरून यायची आणि तिथले व्यापारी मोबदल्यात साळिंदराचे काटे घ्यायचे.

"सगळे लागतील," ती हळूच म्हणाली.

काटे नसलेला साळिंदर म्हणजे मोठा उंदीर. पहिला भेटलेला बिबट्या त्याची न्याहारी करतो. तरी केरबा पाठ पुढे करून बसला. तानीनं त्याला शेपटीला धरून बाहेर ओढलं.

"पोराला बाप नको का? चला घरी!"

आता त्या जंगलात एक कोठार होतं. सुगीला प्रत्येक जण त्यात आपला वाटा टाकायचा. कुणी आजारी पडलं की वैद्याचा खर्च त्यातून व्हायचा. मोडलेल्या पायाला मिळायचा. खोकल्याला मिळायचा. सिंहमहाराजांच्या आयाळीला लावायच्या तेलालाही मिळायचा, कारण विरळ आयाळीचा राजा म्हणजे साऱ्या जंगलाची नामुष्की.

केरबानं पाठीवरचा एक काटा उपटला, शाईत बुडवला आणि अर्ज लिहिला. मूल न होणं आजारात धरावं आणि त्याचा उपचार कोठारातून व्हावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

सभा भरली. सिंहासनावर महाराज. शेजारी तिसऱ्या राणीसाहेब. पहिल्या दोघींना मूल होत नाही म्हणून माहेरी धाडलं होतं. खाली प्रधान रानडुक्कर. त्याची बारा पिल्लं त्याच्या पायांत घोटाळत होती.

केरबा बोलायला उभा राहिला. घाबरला की त्याचे काटे खडखडायचे. ते खडखडले.

"आधी वाजायचं थांब, मग बोल!" कुणीतरी ओरडलं. सभा पोट धरून हसली.

"मूल म्हणजे हौस," प्रधान म्हणाला. "हौसेला कोठार नाही. मूल नाही म्हणून कुणी मरतं का?"

"आयाळ विरळ झाली म्हणूनही कुणी मरत नाही, प्रधानजी."

"माझी बघ, बारा झाली. काडीचं औषध लागलं नाही."

"तुमचा पायही कधी मोडला नाही. म्हणून लंगड्याला आपण 'माझ्यासारखा पळ' म्हणतो का?"

"अरे, पण जंगलात गर्दी किती झालीय!" प्रधान कळवळून म्हणाला. बोलता बोलता त्याला सातवं पिल्लू नवव्याच्या पाठीवरून उतरवावं लागलं.

"एवढं कशाला?" वरून माकडीण म्हणाली. "दुसरी कर की! फुकटातला उपाय!"

तानीनं मान खाली घातली. केरबानं ते पाहिलं. त्याचे काटे एकदम गप्प झाले.

"दुसरी करून काय होणार, आत्याबाई? दोष माझ्यात आहे. वैद्यीण म्हणते, निम्म्या वेळा नरातच असतो."

सभेत कुणी जमीन न्याहाळू लागलं, कुणी आभाळ. सिंहासनाकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. तिसऱ्या राणीसाहेबांनी मात्र सावकाश मान वळवली आणि महाराजांकडे पाहिलं.

"अर्ज नामंजूर!" प्रधान किंचाळला. मग त्यानं घाम पुसला. "तरी महाराजांचं काळीज मोठं आहे. ज्या घरी मूल नाही, त्या प्रत्येक घरी कोठारातून एक सागवानी पाळणा मिळेल. वर महाराजांची तसबीर."

"पाळण्यात घालायचं काय?" तानीनं विचारलं.

"ताई, उपचार पडद्याआड होतो. त्याची मिरवणूक कशी काढायची? पाळण्याची निघते."

मिरवणूक निघाली. तिच्यावर जेवढं कोठार रिकामं झालं, तेवढ्यात साऱ्या जंगलाचे उपचार झाले असते. केरबाच्या वाट्याला आलेला पाळणा बिळात मावेना. तो तोंडाशीच अडकला. दोघं त्याच्याखालून सरपटत आत-बाहेर करू लागले.

पाळणे वाटायचं काम मुंग्यांकडे होतं. मुंग्या कामाला चोख. हुकूम काय सांगतो तेवढंच बघायचं, घर कुणाचं ते नाही. शेवटचा पाळणा डोक्यावर घेऊन त्यांची रांग थेट राजवाड्याच्या दाराशी उभी राहिली.

"अगं मूर्खांनो, इथं कुठं?" पहारेकरी लांडगा दबक्या आवाजात म्हणाला.

"या घरी मूल आहे का?" पहिल्या मुंगीनं विचारलं.

लांडगा घाईनं दार लोटू लागला. तेवढ्यात आतून राणीसाहेब आल्या.

"येऊ दे रे. महाराजांच्या पलंगाशेजारी ठेवा. तसबिरीचं तोंड त्यांच्याकडे करून."

पाळण्यावरचे महाराज पलंगावरच्या महाराजांकडे बघत राहिले. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी दवंडी पिटली. ज्या ज्या घरी पाळणा पोचला आहे, त्या त्या घरचा उपचार कोठारातून होईल. वैद्यिणीनं कुणाचं नाव विचारू नये. तोंड पाहू नये. कोण आलं, कोण गेलं, कुणाला सांगू नये.

जंगलानं जयजयकार केला. ही कल्पना मुळात आपलीच, असं प्रधानानं चौकात सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा तानीला घेऊन नदीपलीकडे गेला. वैद्यिणीच्या दारात रांग होती. त्यांच्या पुढे घोंगडी पांघरलेला एक धिप्पाड पाहुणा उभा होता. घोंगडीखालून शेपटीचा गोंडा दिसत होता. तो मागे वळून निघू लागला.

केरबानं काटे नीट मिटून घेतले आणि त्याच्या वाटेत उभा राहिला.

"जाऊ नका, दादा. पहिल्या दिवशी लाज वाटतेच."

घोंगडीतून अगदी बारीक आवाज आला, "दुखतं का हो?"

"इथं नाही दुखत," केरबा म्हणाला. "सभेत दुखलं होतं."

तात्पर्य: बाळांनो, गरिबाचं दुखणं ही हौस असते, तेच राजाला झालं की आजार होतो आणि कोठाराचं दार उघडतं. म्हणून देवाकडे राजासाठी नुसतं दीर्घायुष्य मागू नये. सोबत आपल्यातली दोन-चार दुखणीही त्याला मागून घ्यावीत.